आधी हिरड्या, मग अलाइनर

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी ४३ वर्षांची, सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. लहानपणी माझे दात बऱ्यापैकी सरळ होते. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र वरचा पुढचा एक दात बाहेर आलाय, त्याच्या शेजारी फट पडलीय आणि खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत. (ब्रश करताना कधीकधी थोडं रक्त येतं, पण ते पूर्वीपासूनच आहे. आईचे दातही पन्नाशीतच हलायला लागले होते.) फोटो काढताना मी ओठ मिटून घेते. मुलीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली: घरी येऊन स्कॅन, पारदर्शक अलाइनर (दातांवर बसणारे, काढता-घालता येणारे, एकामागून एक बदलायचे प्लास्टिकचे ट्रे), पैसे हप्त्याने, सहा महिन्यांत दात सरळ. सासूबाई म्हणतात, "या वयात कशाला हे?" दुखतं का, वर्गात नीट बोलता येईल का, चहाचं काय करायचं आणि एवढा खर्च करून खरंच उपयोग होतो का, ते मोकळेपणाने सांगाल का?

एक शिक्षिका, सांगली

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण सुरुवात तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यांपासून करते. ब्रश करताना रक्त येतं, आईचे दात लवकर हलायला लागले होते, आणि चाळिशीपर्यंत जागेवर असलेला दात आता पुढे आलाय. हे तिन्ही एकत्र वाचलं की माझ्या डोक्यात आधी हिरड्या येतात, अलाइनर नंतर.

लहानपणापासून दात वाकडे असणं वेगळं आणि सरळ असलेला दात मोठेपणी सरकणं वेगळं. दाताचं मूळ हाडात रोवलेलं असतं. हिरड्यांचा आजार, ज्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात, तो हे हाड वर्षानुवर्षं आतून कमी करत जातो. दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. हाडाचा आधार कमी झाला की ओठ, जीभ आणि चावण्याचा रोजचा दाबही दाताला ढकलायला पुरतो. वरचे पुढचे दात बाहेर झुकतात, मध्ये फटी पडतात. खालच्या दातांची गर्दी वयाबरोबर अगदी निरोगी माणसाचीही वाढते, त्याची मला एवढी काळजी नाही. (त्याचं खापर अक्कलदाढेवर फोडण्याची पद्धत आहे, पण अक्कलदाढ काढल्याने ती गर्दी थांबते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तेवढ्यासाठी दाढ काढून घेऊ नका.) वरची फट मात्र तपासूनच घ्यायला हवी. पत्र वाचून मी निदान करू शकत नाही, कदाचित सगळं ठीकही असेल. पण ते ठीक आहे हे आधी कळलं पाहिजे.

ही तपासणी साधी असते. हिरड्यांचे डॉक्टर, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधल्या खाचेत हलकेच सोडतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात आणि आकडे मोठ्याने सांगत जातात, शेजारी कुणीतरी ते लिहून घेतं. तुम्ही खुर्चीत पडून नीट ऐका. १, २, ३ असे आकडे येत असतील तर काळजी नाही. ५ किंवा ६ ऐकू आलं तर त्या जागी हाड गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि एक्स-रेमध्ये ते किती गेलंय हे दिसतं. सोबत एचबीए१सीची, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरची, रक्ततपासणीही करून घ्या. शुगर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि उशिरा बऱ्या होतात, आणि चाळिशीत ती वाढलेली असूनही माहीत नसणारे पुष्कळ असतात.

आजार निघाला तर हिरडीखालचं किटण काढून मुळं स्वच्छ करतात, लागलं तर ती जागा बधिर करून. मग दीड-दोन महिने थांबून पुन्हा मोजतात. हिरड्या शांत झाल्या, रक्त थांबलं, आकडे उतरले की मगच दात हलवायचा विचार. हा क्रम उलटा झाला तर नुकसान होतं, कारण सुजलेल्या हिरडीत दातावर दाब दिला की हाड आणखी वेगाने जातं. दात सरळ दिसतात आणि हलायला लागतात. दुसऱ्या बाजूने हेही खरं की आजार आटोक्यात असेल तर कमी हाडातसुद्धा दात सुरक्षितपणे सरकवता येतात. तेव्हा हिरड्यांचा आजार निघाला तरी दात कधीच सरळ होणार नाहीत असं समजून खचू नका.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. वयाची आडकाठी नाही. दाताभोवती हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड शरीरातल्या काही पेशी विरघळवतात आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला दुसऱ्या पेशी नवीन हाड भरतात. दात असा सरकतो, बाराव्या वर्षीही आणि साठाव्या वर्षीही. मोठ्या माणसात सुरुवात थोडी संथ होते, एवढाच फरक. ऑस्टिओपोरोसिससाठी (हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी) काही विशिष्ट गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, कारण ती औषधं नेमकी हाडाच्या या कामावर परिणाम करतात. सासूबाईंना एवढं सांगा की एकमेकांवर चढलेल्या दातांच्या फटीत ब्रश पोहोचत नाही, तिथेच किटण साचतं, आणि ते सरळ झाले की सगळे दात साफ ठेवणं सोपं जातं. आणि खरं सांगू, फोटोत ओठ न मिटता हसावंसं वाटणं हेही पुरेसं कारण आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये.

मोबाइलवरच्या जाहिरातीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. घरी येणारा माणूस तुमच्या दातांचा आकार टिपतो. हाड, मूळ, हिरडीची खोली, कॅपखाली शिल्लक असलेला दात, यातलं काहीही त्या स्कॅनमध्ये दिसत नाही. तुमच्यासारखी, हिरडीतून रक्त येणारी व्यक्ती तिथून 'पात्र' ठरून बाहेर पडू शकते, आणि मला भीती त्याचीच आहे. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी याच पद्धतीने, दवाखान्यात न बोलावता, घरपोच अलाइनर विकायची. २०२३च्या डिसेंबरमध्ये ती बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेल्या ग्राहकांना तुमचं तुम्ही बघा म्हणण्याची वेळ आली. सरकत असलेला दात अशा वेळी कुणाच्या ताब्यात असतो, याचा विचार हप्ते ठरवण्याआधी करावा. ब्रँड कुठला हा प्रश्न त्यामानाने दुय्यम. अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू होऊन इनव्हिसलाइन हे अलाइनर बाजारात आणलं. २०१७ पासून त्यांची सुरुवातीची पेटंट संपत गेली आणि नंतर भारतीय कंपन्यांसह पुष्कळ जण यात उतरले. प्लास्टिक आणि सॉफ्टवेअर कुणाचंही असो, कुठला दात किती आणि कुठल्या क्रमाने हलवायचा हे ठरवणारा माणूस एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे दात सरळ करण्याचं पदव्युत्तर शिक्षण, शिकलेला असावा आणि तो तुम्हाला दर सहा-आठ आठवड्यांनी समोर भेटावा. चांगल्या दवाखान्यातही "माझी केस प्रत्यक्ष कोण बघणार?" हे निःसंकोच विचारा.

समजा हिरड्या ठीक निघाल्या आणि उपचार ठरले. पहिल्या दिवशी एक्स-रे, फोटो आणि स्कॅन होईल. पूर्वी तोंडात लगदा भरून साचा घ्यायचे, ओकारी यायची, ते आता बऱ्याच ठिकाणी गेलं. पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरवतात आणि पडद्यावर दात उमटत जातात. मग तुम्हाला एक चित्रफीत दाखवतील, वाकडे दात हळूहळू सरळ होताना. ती बघून माणूस हरखून जातो. पण ती योजना आहे, हमी नाही. प्रत्यक्षात दात त्या वेगाने, त्या अचूकतेने येतीलच असं नसतं, म्हणून बहुतेकांना शेवटी पुन्हा स्कॅन करून आणखी काही ट्रे लागतात. याला रिफाइनमेंट म्हणतात आणि त्यात फसवणूक काही नाही, फक्त ते आधी सांगितलेलं असावं आणि ठरलेल्या फीमध्ये धरलेलं असावं.

जाहिरातीत न दिसणारी एक गोष्ट म्हणजे अटॅचमेंट. दाताच्या रंगाच्या सिमेंटचे तांदळाएवढे ठिपके काही दातांवर चिकटवतात, ट्रेला पकड मिळावी म्हणून. ट्रे काढल्यावर ओठाला आतून खरखरीत लागतं, जवळून बघणाऱ्याला दिसतात, आणि हळदीने त्यांच्या कडा पिवळट होतात. उपचार संपले की ते घासून काढतात. दुसरी गोष्ट, खालच्या दातांना जागा करण्यासाठी दोन दातांच्या मध्ये बारीक पट्टी फिरवून एका फटीत ०.२ ते ०.५ मिलिमीटर इतकं घासतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण दुखत नाही, आणि प्रमाणात केलं तर दात कमकुवत होत नाही.

दुखण्याचं म्हणाल तर ठणका लागत नाही, आवळल्यासारखं वाटतं. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. नवा ट्रे लावला की दोन-तीन दिवस पुढच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडवत नाही, चपाती-भाजी, वरणभात चालतो. म्हणून नवा ट्रे रात्री झोपताना लावायचा, पहिले काही तास झोपेत निघून जातात. फारच दुखलं तर पॅरासिटॅमॉल पुरते. पहिला ट्रे मात्र काढताना घाम फुटतो. आरशासमोर उभं राहून पुढून ओढायचा प्रयत्न सगळे करतात, तसं करू नका. एका बाजूच्या शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूला नखाने कड सुटी करायची, मग दुसऱ्या बाजूची, आणि मग पुढे यायचं. आठवड्याभरात हात बसतो. ट्रेची कड गालाला किंवा जिभेला टोचली तर तिथे दातांसाठीचं मेण लावा आणि दवाखान्यात जाऊन कड घासून घ्या, सोसत बसू नका.

वर्गात बोलण्याची चिंता तुम्हाला असणारच. स, श, च, झ ही अक्षरं पहिले काही दिवस थोडी घसरतात, शिट्टीसारखा आवाज येतो आणि तोंडात लाळ जास्त सुटते. रोज तोंडात तेच शब्द घोळवले की जीभ नवी जागा शोधते, बहुतेकांना एक-दोन आठवडे पुरतात. पहिला ट्रे शनिवारी लावून घ्या, रविवारी पाठ्यपुस्तकातले दोन धडे मोठ्याने वाचा. मुलांना पहिल्याच तासाला सांगून टाकलंत तर कुतूहल तिथेच संपेल.

आता चहा. खरी कसोटी हीच, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहिते. ट्रे रोज २२ तास तोंडात हवेत, अगदी कमीत कमी २०. म्हणजे हातात उरले दोन तास. दोन जेवणांना अर्धा-अर्धा तास धरला, नाश्त्याला वीस मिनिटं, दोन चहांना पंधरा-पंधरा आणि मधल्या ब्रशला दहा, की दोन तास संपले. ट्रे घालून फक्त साधं पाणी प्यायचं. चहा प्यायलात तर ट्रे पिवळे पडतील आणि गरम चहाने वाकतीलही, पण त्याहून वाईट म्हणजे साखरेचा घोट ट्रे आणि दाताच्या मध्ये अडकून बसतो. लाळ तिथपर्यंत पोहोचत नाही आणि दात किडतात. उसाचा रस, सरबत, कोकम सगळ्याला हाच नियम. स्टाफरूममध्ये दिवसातून चार-पाचदा अर्धा-अर्धा कप घेणाऱ्यांचं सगळं गणित इथेच कोसळतं. दर वेळी काढा, चूळ भरा, पुन्हा लावा, याचा कंटाळा येतो आणि ट्रे मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत डबीतच राहतो. तेव्हा आधी एक आठवडा, काहीही खर्च न करता, फक्त वहीत लिहून ठेवा: तोंडात काही गेलं ती वेळ आणि ते संपलं ती वेळ. बेरीज दोन-अडीच तासांच्या आत बसत असेल, किंवा थोडी ओढाताण करून बसवता येत असेल, तर पुढे जा. चहा दोनदाच, तोही नाश्ता आणि संध्याकाळच्या खाण्याला जोडून, असं बहुतेक जण शेवटी ठरवतात. नाहीच बसलं तर तारांचे ब्रेसेस लावा. त्यात कमीपणा नाही. दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रेसेसही मिळतात, खर्च साधारणपणे कमी येतो, आणि ते तोंडातून काढता येत नसल्याने तुमच्या निर्धारावर अवलंबून राहत नाहीत. फार वळलेला सुळा सरळ करणं, एखादा दात खाली ओढणं, दात काढून पडलेली मोठी जागा बंद करणं अशी कामं तारा अजूनही जास्त खात्रीने करतात. तुमचं वर्णन बघता, बाहेर आलेला दात, फट आणि थोडी गर्दी, हे अलाइनरला जमण्यासारखं काम वाटतं. शिवाय ट्रे काढून हिरड्या नीट साफ करता येतात, हा तुमच्या बाबतीत मोठा फायदा.

ट्रे हरवण्याची जागा जवळजवळ ठरलेली असते. लग्नाच्या पंगतीत किंवा हॉटेलात ट्रे काढून कागदी रुमालात गुंडाळतात आणि तो रुमाल उष्ट्या ताटाबरोबर जातो. डबी पर्समध्ये ठेवाच, आणि ट्रे तोंडात नसेल तर डबीत, तिसरी जागा नाही. आधीचा ट्रेही टाकू नका. हरवला किंवा मोडला तर तोच घालून डॉक्टरांना फोन करायचा. धुवायला साधं पाणी, मऊ ब्रश, थोडासा हात धुवायचा साबण. टूथपेस्टने ओरखडे पडतात, उकळत्या पाण्याने आकार जातो. आरशात बघताना दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली तर दात मागे पडलाय, पुढच्या ट्रेवर जायचं नाही. चघळायला एक मऊ नळी देतात, ती त्या दातावर रोज थोडा वेळ चावा आणि तरीही जागा राहिली तर दवाखान्यात कळवा.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते, कारण मध्येच दिसल्या की लोक घाबरतात. दात सरकत असताना जरासे हलतात, ते अपेक्षित आहे. पण तुमच्या हिरड्यांचा इतिहास बघता दर तीन महिन्यांनी सफाई आणि तपासणी हवीच. आणि हिरडी उतरलेली असेल तर दात सरळ झाल्यावर दोन दातांच्या मध्ये हिरडीजवळ छोटा काळा त्रिकोण दिसू शकतो. गर्दीत तो झाकलेला असतो. थोडं घासून किंवा फिलिंग करून तो लहान करता येतो, पूर्ण जातोच असं नाही. ही चर्चा सुरुवातीलाच करून घ्या. तोंडात कॅप किंवा रूट कॅनॉल केलेला दात असेल तरी हलवता येतो. इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) मात्र हाडाला पक्का चिकटलेला असतो, तो हलत नाही. त्यामुळे एखादा इम्प्लांट बसवायचा विचार असेल तर दात सरळ झाल्यावर बसवा.

वेळ आणि पैसा. छोट्या कामाला सहा-आठ महिने, तुमच्यासारख्याला बहुधा वर्ष-दीड वर्ष, आणि त्यात हिरड्यांच्या उपचाराचे महिने धरलेले नाहीत. खर्च ब्रँड, ट्रेंची संख्या आणि गाव यावर ठरतो. तो काही हजारांत कधीच बसत नाही, मोठ्या कामाला दोन-अडीच लाखांवरही जातो. कागदावर लिहून घ्या: रिफाइनमेंट धरलंय का, हरवलेल्या ट्रेचे वेगळे पैसे का, शेवटचा रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा ट्रे) यात आहे का, आणि मध्येच बदली झाली तर काय. एवढे पैसे झेपत नसतील तर दंत महाविद्यालयांचे ऑर्थोडॉन्टिक्स विभाग असतात, सांगली-कोल्हापूर भागातही आहेत. तिथे बहुतेक तारा लावतात, फेऱ्या जास्त पडतात, पण एमडीएस शिक्षकांच्या नजरेखाली काम होतं आणि फी खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असते. हिरड्यांची तपासणीही त्याच इमारतीत होऊन जाते.

शेवटचा ट्रे उतरला की काम संपलं असं वाटतं, पण दात जुन्या जागेकडे परत जायला बघतात, आणि हिरड्या कमकुवत असलेल्या माणसाचे जास्त. म्हणून रिटेनर. पहिले काही महिने जवळजवळ पूर्ण वेळ आणि नंतर रोज रात्री, कायमचा. पुढच्या दातांच्या मागे न दिसणारी बारीक तारही चिकटवतात, आणि हाड कमी झालेल्या दातांना ती आधारही देते. तुमच्यासाठी मी दोन्ही सुचवेन. तारेभोवती किटण साचतं, त्यामुळे दाताच्या मागून फिरवायचा बारीक ब्रश लागेल. दर दोन-तीन वर्षांनी नवा रिटेनर करावा लागतो, तोही खर्च हिशेबात धरा.

आत्ता लगेच करायचं ते एवढंच: पेरिओडॉन्टिस्टची वेळ घ्या, जाताना आईच्या दातांची हकीकत सांगा, रक्ताचा रिपोर्ट न्या, आणि दाताभोवतीचे आकडे कागदावर लिहून मागा. तो कागद आणि तुमच्या चहाची वही घेऊन मगच ऑर्थोडॉन्टिस्टकडे जा. जाहिरातीतली सवलत या महिनाअखेरीस संपणार असेल तर संपू द्या.